छातीवरचे ओझे

काही वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतला एक तरुण आमच्या युनियनच्या कचेरीत आला. पगाराची तक्रार नव्हती, बोनसची नव्हती. बाकीचे लोक उठून जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला आणि मग ओशाळून म्हणाला, "दादा, रात्रपाळी करून सकाळी आडवा झालो की कुणीतरी छातीवर येऊन बसतं. डोळे उघडे असतात, वरचे पत्रे दिसतात, पण बोट हलत नाही. ओरडावं तर आवाज फुटत नाही."

आम्ही विचारले, "कोण बसतं?" त्याने शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका विधवा बाईचे नाव घेतले. त्याच्या खोलीतल्या आणखी तिघांनाही आता ती दिसू लागली होती. खरे सांगायचे तर आम्ही घाबरलो ते त्याच्या छातीवरच्या ओझ्याला नव्हे, तर त्या बाईच्या नावाला. का घाबरलो, ते सांगण्यासाठी श्रोत्यांना आम्ही अमेरिकेतल्या सेलम या गावी, १६९२ सालात नेतो.

सेलममध्ये त्या वर्षी चेटकिणींचे खटले उभे राहिले. खास न्यायालयापुढे पहिला खटला चालला तो ब्रिजेट बिशप या बाईचा. तिच्यावर पूर्वी, १६८० सालीही, हाच आरोप झाला होता. आता तिच्याविरुद्ध जॉन लाउडर नावाच्या गड्याने साक्ष दिली. सात-आठ वर्षांपूर्वी बिशपबाईच्या कोंबड्या याच्या मालकाच्या बागेत शिरत, त्यावरून दोघांची बाचाबाची झाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मध्यरात्री याला छातीवर मोठे ओझे जाणवले. जागा होऊन पाहतो तो स्वच्छ चांदण्यात ब्रिजेट बिशप, किंवा तिचे रूप, याच्या पोटावर बसलेले! तिने गळा धरला, आणि प्रतिकार करायला हातांत बळच नव्हते, असे त्याने शपथेवर सांगितले. दुसरा साक्षीदार रिचर्ड कोमन. त्याचीही कथा तीच: बाई रात्री आली, अंगावर पडली, आपल्याला बोलता येईना की हलता येईना.

हे दोघे खोटे बोलत होते असे आम्हांस वाटत नाही. आमच्या कामगाराने सांगितले तेच ते सांगत होते. तिच्याविरुद्ध इतरही पुरावा मांडला गेला, पण बराचसा याच मोलाचा होता. २ जूनला खटला चालला आणि १० जूनला ब्रिजेट बिशपला फाशी दिली. त्या खटल्यांत एकंदर १९ जण फासावर गेले. ऑक्टोबरात राज्यपाल फिप्स यांनी ते न्यायालयच मोडले. सॅम्युएल सीवॉल या न्यायाधीशाने १६९७ साली चर्चमध्ये उभे राहून आपला दोष सर्वांसमक्ष कबूल केला. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी मात्र कधीच नाही. ब्रिजेट बिशपचे नाव कायद्याने निर्दोष ठरायला २००१ साल उजाडावे लागले.

आता गंमत पाहा, आणि ही गंमत कडू आहे. सेलमच्या २८ वर्षे आधी, १६६४ साली, इस्ब्रांड फान डीमरब्रूक या डच वैद्याने पन्नाशीच्या एका धडधाकट बाईची हकीकत लिहून ठेवली होती. झोप लागता लागता तिला कधी सैतान अंगावर पडल्यासारखा वाटे, कधी मोठा कुत्रा, कधी चोर. ओझे झटकू पाहावे तर अवयव हलत नसत. वैद्यबुवांनी कोणाचे नाव घेतले नाही. हा शरीराचा आजार म्हणून नोंदवला. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर' शब्दातील 'मेअर'देखील घोडी नव्हे, छातीवर बसणारे भूतच. चित्रकार फ्यूसेलीने १७८१ साली त्याचे चित्र काढताना छातीवर भूत बसवलेच, वर पडद्याआडून घोड्याचे तोंडही डोकावू दिले! न्यूफाउंडलंडचे लोक याला 'म्हातारी' म्हणतात, तर जपानात 'कानाशिबारी'.

झोपेच्या उंबरठ्यावर इतरही चमत्कार होतात. पायरी चुकल्यासारखे दचकणे तर प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. डोळे मिटताना दिसणाऱ्या आकृत्यांना फ्रेंच पंडित मोरी यांनी १८४८ साली शास्त्रीय नाव दिले. अंग लुळे पडण्याचे वर्णन अमेरिकन डॉक्टर वायर मिचेल यांनी १८७६ साली केले, आणि 'स्लीप पॅरालिसिस' हे नाव १९२८ साली विल्सन यांनी रूढ केले. उलगडा मात्र १९५३ नंतरचा. शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बुबुळे भराभर हलणारी झोप शोधली. त्या झोपेत स्नायू साफ ढिले पडतात हे लियोंच्या जुव्हे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवर दाखवले. स्वप्नात आपण धावलो तरी अंथरुणातून उठून पळत नाही, ते यामुळेच. कधी मन आधी जागे होते आणि शरीराची ती कडी निघायची राहते. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढा चालतो. छातीचे स्नायू ढिले, म्हणून खोल श्वास घेता येत नाही आणि ओझे वाटते. स्वप्न अजून चालूच असते, ते खोलीत उतरते. ज्याची धास्ती मनात असते त्याचे तोंड त्याला लागते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, सारे ओसरते. तुटक झोप, झोपेच्या बदलत्या वेळा, उताणे निजणे, यांनी ते वाढते.

बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची; एका खोलीत आळीपाळीने निजणारे चौघे. आणखी काय व्हायचे?

आम्ही त्या चौघांना बसवून ही सेलमची गोष्ट सांगितली. कोंबड्यांचे भांडण ऐकल्यावर त्या पोराने मान खाली घातली; नळावरच्या पाण्यावरून त्याचेही त्या बाईशी वाजले होते. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे नकोसे करणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही बजावले. मालकाकडे पाळीचा फेरा पंधरवड्याचा करा म्हणून गेलो. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हटले. चौघांपैकी दोघे कुशीवर निजू लागले, त्यांचा त्रास कमी झाला. एकजण अजून उशाखाली विळा ठेवून झोपतो. त्या बाई मात्र त्याच खोलीत राहतात, आणि नळावर भांडतातही.