फेह (संगणक आज्ञावली)

'''फेह''' ही लिनक्स व तत्सम युनिक्सवर्गीय प्रचालन प्रणालींवर चालणारी मुक्तस्रोत चित्रदर्शक आज्ञावली आहे. एक्स विंडो प्रणालीमध्ये टर्मिनलमधून आज्ञा देऊन डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलण्यासाठीही ती वापरली जाते. ओपनबॉक्स, आयथ्री यांसारखे विंडो व्यवस्थापक स्वतः वॉलपेपर लावत नाहीत. त्यामुळे ते वापरणाऱ्यांमध्ये फेह विशेष परिचित आहे. ही आज्ञावली मूळतः टॉम गिल्बर्ट यांनी सी भाषेत लिहिली. चित्रे वाचण्याचे काम ती इमलिब२ या संग्रहावर सोपवते.

== कार्यपद्धती ==
१९८४ मध्ये एमआयटी संस्थेत आरंभ झालेल्या एक्स प्रणालीत पडद्यावरील सर्व खिडक्यांच्या मागे एक मूळ खिडकी असते. तिला 'रूट विंडो' म्हणतात. वॉलपेपर म्हणजे या खिडकीची पार्श्वभूमी होय. फेह चित्र वाचून पडद्याच्या मापात बसवते, ते एक्स सर्व्हरच्या स्मृतीत ठेवते आणि स्वतः बंद होते. एरवी आज्ञावली बंद होताच तिने सर्व्हरकडे ठेवलेली सामग्री नष्ट होते. मात्र ही सामग्री राखून ठेवावी, अशी सूचना फेह सर्व्हरला देते. म्हणूनच फेह चालू नसतानाही चित्र दिसत राहते.

== पर्याय ==
पुढील प्रत्येक पर्यायाच्या आधी दोन जोडरेषा व नंतर चित्राच्या फाइलचे नाव लिहितात.
* '''बीजी-फिल''' : प्रमाण राखून पूर्ण पडदा व्यापतो, कडा कापल्या जाऊ शकतात.
* '''बीजी-मॅक्स''' : प्रमाण राखून संपूर्ण चित्र दाखवतो; कडेला मोकळी जागा राहू शकते.
* '''बीजी-स्केल''' : प्रमाण न राखता चित्र ताणतो.
* '''बीजी-सेंटर''' : मूळ आकारातील चित्र मध्यभागी ठेवतो.
* '''बीजी-टाइल''' : लहान चित्राची फरशीप्रमाणे पुनरावृत्ती करतो.

एकाहून अधिक पडदे जोडलेले असल्यास तितक्या फाइलींची नावे क्रमाने देता येतात. 'रँडमाइझ' हा पर्याय जोडल्यास दिलेल्या चित्रांतून यादृच्छिक निवड होते.

== वॉलपेपर टिकवणे ==
सत्र संपताच एक्स सर्व्हरची स्मृती रिकामी होते व वॉलपेपरही नाहीसा होतो. यासाठी फेह शेवटची आज्ञा वापरकर्त्याच्या गृह-फोल्डरमधील 'फेहबीजी' नावाच्या लपलेल्या फाइलीत लिहून ठेवते. सत्रारंभी चालणाऱ्या फाइलीतून, उदाहरणार्थ 'एक्सइनिटआरसी'मधून, ती चालवल्यास तोच वॉलपेपर पुन्हा लागतो. या फाइलीत चित्र नसते, केवळ त्याचा मार्ग असतो. त्यामुळे चित्र हलवले किंवा पुसले, तर चालू सत्रात काहीच फरक जाणवत नाही; पुढच्या सत्रात मात्र वॉलपेपर लागत नाही.

== मर्यादा ==
संपूर्ण डेस्कटॉप पर्यावरणे आपली पार्श्वभूमी स्वतः रेखाटतात, त्यामुळे फेहने लावलेले चित्र त्यामागे झाकले जाऊ शकते. ग्नोममध्ये हे काम 'जीसेटिंग्ज' या आज्ञेने होते. तेथे ग्नोम ४२ पासून उजळ व गडद रूपांसाठी चित्राचा मार्ग स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

वेलँडमध्ये इतर आज्ञावल्यांना रंगवता येईल अशी रूट विंडो नसते, म्हणून फेहचे हे तंत्र तेथे लागू पडत नाही. स्वे या व्यवस्थापकासोबत 'स्वेबीजी' वापरतात. ती सतत चालू राहते आणि बंद केल्यास वॉलपेपरही जातो.