मनिलाच्या रस्त्यावरची अहिंसा

अहिंसा म्हणजे दुर्बलांची अगतिकता, असा समज आजही आढळतो. फिलिपाइन्सचा इतिहास आपल्याला वेगळे सांगतो.

तेथे १९७२ साली राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची हत्या झाली. सूडाची भावना बळावत असता, १९८४ मध्ये जाँ व हिल्डेगार्ड गॉस या कॅथॉलिक दांपत्याने धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिकांना अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. ही मशागत वाया गेली नाही. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत लबाडी झाली, तेव्हा अशा सत्तेला नैतिक अधिष्ठान नाही, असे महागुरूंनी जाहीर केले. २२ फेब्रुवारीला काही सेनाधिकारी बंड करून छावणीत अडकले. कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओवरून हाक दिली आणि लाखो लोक छावणीबाहेरच्या महामार्गावर उतरले. जपमाळा घेतलेल्या धर्मभगिनी रणगाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या. रणगाडे थांबले. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले.

२०२२ मध्ये त्यांचेच पुत्र राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. अहिंसा वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने शिकावी लागते. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात, शेजाऱ्याशी होणाऱ्या बांधावरच्या भांडणात आपण मुलांना कोणता धडा देत आहोत?