घरचा संगणक : कोणती फाइल कोणाच्या हाती?

पुणे - सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांत बिऱ्हाडे अनेक असली, तरी प्रत्येकाच्या खोलीला आपापले कुलूप असे. घरातील सामायिक संगणकाचे बहुधा तसे नसते. एकाच नावाने सारे कुटुंब त्यात ये-जा करते. मुलांचे खेळ, आईचे हिशेब आणि आजोबांची छायाचित्रे एकत्रच नांदतात. एखादी फाइल पुसली गेली, की ती कोणी पुसली यावरून वाद सुरू होतो.

फाइल व फोल्डरच्या परवानग्या, अर्थात ‘परमिशन’, यासाठीच असतात. कल्पना जुनी आहे. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकात मालक, गट व इतर असे तीन वर्ग आणि वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार रूढ झाले. लिनक्समध्ये आजही तेच चालते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचा १ असे गुण धरले जातात. म्हणून ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे-लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांना मज्जाव.

विंडोजमध्ये ही सोय १९९३ च्या ‘एनटी’ आवृत्तीबरोबर आली. मात्र, घरोघरी पोचलेल्या विंडोज ९८ मध्ये ती नव्हती आणि ‘एक्सपी होम’मध्ये ‘सिक्युरिटी’चे पान केवळ सेफ मोडमध्ये दिसे. एक संपूर्ण पिढी परवानग्यांविना संगणक शिकली ती अशी.

सध्याच्या विंडोजमध्ये प्रथम ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे. प्रशासकाचे (ॲडमिनिस्ट्रेटर) खाते एकच ठेवावे, बाकी सर्व ‘स्टँडर्ड’. रोजचे काम प्रशासकाने सुद्धा स्टँडर्ड खात्यातूनच करावे. प्रत्येकाचे ‘डॉक्युमेंट्स’ इतर स्टँडर्ड खात्यांना आपोआप बंद राहते. डी ड्राइव्हवरील फाइली मात्र सहसा सर्वच खात्यांना बदलता येतात, आणि आपल्याकडे छायाचित्रे नेमकी तेथेच साठविली जातात! अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’त प्रथम स्वतःच्या नावाला ‘फुल कंट्रोल’ द्यावे. मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘डिसेबल इनहेरिटन्स’ निवडून, आधीच्या परवानग्या कायम ठेवण्याचा पर्याय घ्यावा आणि ‘युजर्स’ व ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ ही नावे यादीतून काढावीत. ‘डिनाय’चा वापर टाळावा. ‘एव्हरीवन’ला नकार दिला, तर त्यात आपणही येतो, प्रस्तुत प्रतिनिधीने एकदा स्वतःला असेच बाहेर कोंडून घेतले आहे. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला तर हातच लावू नये.

नवे विंडोज टाकल्यावर जुनी डिस्क ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते, तेव्हा फाइली गेल्या असे समजू नये. प्रणाली व्यक्तीला नावाने नव्हे, तर खात्याच्या क्रमांकाने ओळखते आणि नव्या खात्याचा क्रमांक वेगळा असतो. प्रशासकाने ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘ओनर’ बदलला, की त्याला परवानग्या नव्याने देता येतात.

हीच सोय परक्याच्या हातीही असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तेथील प्रशासक आपल्या परवानग्या ओलांडू शकतो. त्यामुळे तपकीर गल्लीत वा अन्यत्र यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे ना, हे पाहावे आणि त्याची ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून घरी ठेवावी. ‘फॅट ३२’ वा ‘एक्सफॅट’ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर या परवानग्या टिकतच नाहीत.

खंडणी मागणारा विषाणू ज्या खात्यात शिरतो, त्याला लिहिता येणाऱ्या सर्व फाइली तो बिघडवू शकतो. म्हणून छायाचित्रांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि काम झाल्यावर तिची वायर काढून ठेवावी.