ध्वनिवर्धकाचा ट्रान्स्फॉर्मर
इ. स. १९६२ सालीं लंडनमधील हॅनवेल येथें जिम मार्शल ह्यांच्या वाद्यांच्या दुकानांतील केन ब्रॅन व डडली क्रेव्हन ह्यांनीं अमेरिकन 'फेंडर बासमन'च्या आराखड्यावरून गिटारचा ध्वनिवर्धक सिद्ध केला. आराखडा उसना घेतां येतो. वीज मात्र आपल्याच घरची! त्या काळीं अमेरिकेंत सुमारें ११७ व्होल्ट व सेकंदास ६० आवर्तनें, तर इंग्लंडांत २४० व्होल्ट व ५० आवर्तनें. आवर्तनें घटलीं कीं ट्रान्स्फॉर्मरला लोखंड वा वेढे अधिक लागतात. नाहीं तर तो तापतो. शिवाय व्हॉल्व्हच्या तंतूंना ६.३ व्होल्ट आणि पट्टिकांना शेंकडों व्होल्ट पुरवावयाचे. म्हणून स्थानिक विजेस जुळणारा ट्रान्स्फॉर्मर निवडणें प्राप्तच होतें. आजही तो बदलणाऱ्यानें प्रथम हींच मापें पाहावीं. दाब वाढल्यास व्हॉल्व्ह जळतात, घटल्यास आवाज क्षीण होतो.