खोडदची तबकडी आणि लपलेली एक ओळ

मंचरच्या शाळेत असताना विज्ञान दिनाला आमची सहल खोडदला गेली होती. आंबेगाव तालुका मागे पडला, नारायणगावहून गाडी आत वळली आणि शेतांच्या वर जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागल्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा ३०! गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. सरांनी आधीच बजावलं होतं, मोबाइल बंद. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की खिशातला फोन त्याच्यापुढे लाउडस्पीकरच. दुर्बिणीला काय ऐकू येईल हे आसपास काय चाललंय यावरही ठरतं, हे तेव्हा कळलं. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं, हे कळायला एमएस्सी उजाडावी लागली.

माझा प्रकल्प पल्सारवर होता. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. त्याचे ठोके घड्याळासारखे नियमित येतात. ठोका किती लवकर किंवा उशिरा आला, हे तपासायला ‘टेंपो-२’ हा प्रोग्रॅम जगभर वापरतात. माझा आणि मैत्रिणीचा डेटा एक, प्रोग्रॅम एक, उत्तरं मात्र वेगळी. फरक मायक्रोसेकंदांचा होता, पण आम्ही शोधत होतो तेही तेवढंच. तीन दिवस कोड चाळला. चूक तिथे नव्हतीच.

वेधशाळांच्या घड्याळांच्या दुरुस्त्या, ग्रहांच्या स्थानांची कोष्टकं असं सगळं टेंपो-२ एका फोल्डरमधून घेतो. फोल्डर कुठला, हे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सांगतं. माझ्या कॉम्प्युटरवर कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली ओळ जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवत होती.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही सोय आली. तेव्हा एकच यंत्र अनेकजण वापरत आणि प्रत्येकाच्या गरजा निराळ्या असत. सामायिक प्रोग्रॅम एकासाठी बदलता येत नाही. मग प्रोग्रॅमनेच वापरणाऱ्याला विचारावं, हे बरं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ही युक्ती उचलली. खगोलशास्त्रज्ञांसाठी आलेख काढणारी ‘पीजीप्लॉट’ कॅलटेकमध्ये १९८३पासून घडत गेली. आलेखाची पार्श्वभूमी काळी की पांढरी, अक्षरांचा फॉन्ट कुठल्या फाइलमधून घ्यायचा, हे ती व्हेरिएबल्सना विचारते. तिच्यावर बेतलेल्या प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. ‘ओपनएमपी’मध्ये काम किती धाग्यांत वाटायचं, हेही असंच सांगता येतं. पण धागे बदलले की बेरजेचा क्रम बदलू शकतो, आणि उत्तराचे शेवटचे अंकही.

ही ताकद धोक्याचीही आहे. म्हणून विशेष अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लायब्ररी कुठून घ्यायची, हे सांगणारं व्हेरिएबल लिनक्स कानाआड करतं.

जून २०२३मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार गटानेही गुरुत्वीय लहरींच्या सततच्या गुणगुणीचे पुरावे मांडले. त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं होती. इतक्या बारीक मोजणीत कानात सांगितलेली गोष्ट कागदावर नसेल, तर दुसऱ्याने ती पडताळायची कशी?

व्हेरिएबलवर माझा राग नाही. त्याच्यामुळेच कुणाची परवानगी न मागता, एका ओळीत मी माझा नवा फोल्डर जोडू शकले. जुनी ओळ लिहिणाऱ्यानेही हेच केलं असणार. फक्त त्याने ते कुठे नोंदवलं नव्हतं. आता प्रत्येक निकालाबरोबर व्हेरिएबल्सची यादीही मी जपून ठेवते.