कर्ज राष्ट्राचें, भांडण पक्षांचें

धामणकर नाक्यावर सायंकाळच्या वेळीं उभें राहिलें म्हणजे भिवंडीचा सारा संसार डोळ्यांपुढून जातो. कापडाचे तागे लादलेले टेंपो, गल्ल्यागल्ल्यांतून ऐकूं येणारा यंत्रमागांचा खडखडाट, आणि डोक्यावर मेट्रोचे ते अजस्र खांब. 'नाका' हा शब्द आपण आतां केवळ चौक या अर्थानें वापरतों. परंतु तो मूळचा जकातीचा शब्द आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेणाऱ्याची चौकी जेथें, तेथें नाका. महाराष्ट्रांतील शेवटची जकात मुंबईंत १ जुलै २०१७ रोजीं संपली. शब्द तेवढा मागें राहिला आहे.

गेल्या महिन्यांत या नाक्यावर चहा पीत असतां शेजारच्या बाकावर दोन गृहस्थांचा वाद चालला होता. एक यंत्रमागांचे मालक, दुसरे शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. मालकांचें म्हणणें, राज्यावरील कर्ज मास्तरांच्या पक्षानें वाढविलें, मास्तरांचें म्हणणें, "छे, शेठ, तें सारें तुमच्या पक्षाचें कर्तृत्व!" दोघांनाहि आकडे पाठ होते, आणि दोघांचेहि आकडे बहुधा खरे असावेत. शेवटीं चहावाल्यानेंच कप उचलतां उचलतां विचारलें, "तें असूं द्या मास्तर, पण फेडणार कोण ?" दोघेहि हंसले, आणि वाद पुन्हां पहिल्या जागेवरून सुरू झाला.

अमेरिकेंतील कर्जमर्यादेची रस्सीखेंच आपण वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचतों. तेथें १९१७ पासून सरकारच्या कर्जाला कायद्यानें मर्यादा आहे, आणि ती वाढविण्याची वेळ आली कीं दोन्ही पक्ष एकमेकांची मान पकडतात. २०११ सालीं तडजोड अगदीं शेवटच्या घटकेला झाली, आणि तरीहि त्याच ऑगस्टांत एका पतमापन संस्थेनें त्या देशाची पत एक पायरी खालीं उतरविली. हें वाचून आमच्याकडील सुशिक्षितांस वाटतें कीं, हा अतिश्रीमंतांचा खेळ आहे. वस्तुतः तो आपल्या वाडवडिलांनींहि खेळलेला आहे. दिल्लींत आणि नागपुरांत, १९२३ ते १९२६ या काळांत. खेळणारांत केळकर, मुंजे, तांबे अशीं आपल्या घरांतलींच नांवें आहेत.

आधीं कर्ज कोणतें तें पाहूं. रेल्वे आणि कालवे यांसाठीं काढलेलें कर्ज निराळें. तें आपलें व्याज बहुतांशीं आपणच मिळवी. परंतु दुसरें जें युद्धांचें आणि तुटींचें कर्ज, त्याची वंशावळ मोठी चमत्कारिक आहे. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च या देशाच्याच खात्यावर पडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागीदारांचें साठ लाख पौंडांचें भांडवल १८७४ मध्यें एक कोटी वीस लाख पौंड देऊन फेडलें गेलें, तेंहि याच खात्यांतून. म्हणजे आपणांस विकत घेणाऱ्याची किंमत आपणच दामदुपटीनें चुकती केली. पुढें पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१७ सालीं, हिंदुस्थानानें ब्रिटनला दहा कोटी पौंडांची 'देणगी' दिली. दात्याच्या हातांत पैसा नव्हता. त्यानें कर्ज काढून दानधर्म केला! त्यानंतरच्या पांच वर्षांत, १९२३ पर्यंत, मध्यवर्ती अंदाजपत्रकांतील तुटींची बेरीज शंभर कोटी रुपयांच्या आसपास गेली. लॉर्ड इंचकेप यांच्या समितीनें सव्वाएकोणीस कोटींची काटछांट सुचविली, तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हां नवे अर्थमंत्री सर बेसिल ब्लॅकेट यांनीं १९२३ च्या मार्चांत मिठावरचा कर मणामागें सव्वा रुपयाचा अडीच रुपये करण्याचें सुचविलें.

आमच्या ठाणें जिल्ह्यांत खाडीच्या कांठीं मिठागरें आहेत. जें मीठ डोळ्यांपुढें उन्हानें पिकतें, त्यावर सरकारचा कर द्यावा लागतो ही गोष्ट येथील माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नसे. विधिमंडळानें ही वाढ फेटाळली. तें कांहीं बंडखोरांचें सभागृह नव्हे. असहकारितेच्या बहिष्कारामुळें त्यांत बहुतेक सारे नेमस्तच निवडून आले होते, आणि आदल्या दोन वर्षांत त्यांनीं पुष्कळ करवाढी मुकाट्यानें मंजूर केल्या होत्या. त्यांनीं एकच गोष्ट मागितली, कीं मीठ तेवढें सोडा. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं १९१९ च्या कायद्यानें मिळालेला खास अधिकार वापरला, आपल्या दाखल्यानिशीं करवाढ अमलांत आणली आणि तूट भरून काढली. हिशेब जुळला; पण त्या वर्षाच्या अखेरच्या निवडणुकींत नेमस्त पक्ष साफ वाहून गेला. ज्यांच्याशीं बोलून कांहीं ठरवितां आलें असतें तींच माणसें सरकारनें स्वतः मोडीत काढलीं. माझ्या मतें या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत महागडी चूक हीच, आणि ती कोणत्याहि अंदाजपत्रकांत दाखविलेली नाहीं.

त्यांच्या जागीं स्वराज्य पक्ष आला. पंडित मोतीलाल नेहरू पुढारी. आपल्याकडून नरसिंह चिंतामण केळकर. बॅरिस्टर जिना यांच्या स्वतंत्र गटाशीं जुळवून घेऊन या पक्षानें १८ फेब्रुवारी १९२४ रोजीं राज्यघटनेच्या फेरविचारासाठीं गोलमेज परिषदेची मागणी ७६ विरुद्ध ४८ मतांनीं संमत केली. सरकारनें दाद दिली नाहीं, तेव्हां मार्चांत मागण्या नाकारल्या गेल्या आणि अखेर वित्तविधेयक मांडण्याचीच परवानगी सभागृहानें दिली नाहीं. 'आधीं गाऱ्हाणें ऐका, मग पैसे मागा' हें इंग्लंडच्याच पार्लमेंटचें जुनें तत्त्व. तें इंग्रजांना त्यांच्याच भाषेंत ऐकविण्यांत पुष्कळांना आनंद वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु मौज पुढेंच आहे. ब्लॅकेट यांनीं त्या वर्षीं मिठाचा कर अडीचाचा दोन रुपये करूं केला होता. सभागृहानें सारेंच विधेयक उडविल्यावर व्हाइसरॉयनें दाखल्यानें तें पुढें रेटलें खरें, पण त्यांत मिठाचा कर सव्वा रुपयाच ठेवला. वाद घालून जें १९२३ मध्यें मिळालें नाहीं, तें १९२४ मध्यें वाद न घालतां मिळालें. कर्जाचें काय, हा प्रश्न या आनंदांत कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं.

नागपुरास याहून नाटकी प्रकार घडला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलांत स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत होतें, आणि डॉ. मुंजे यांच्यासारखा रोखठोक पुढारी होता. जानेवारी १९२४ मध्यें मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त झाला. मंत्र्यांनीं खुर्च्या सोडल्या नाहींत, तेव्हां मार्चांत कौन्सिलानें अंदाजपत्रकांतील मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार मंजूर केला तो वर्षाला दोन रुपये ! ही गोष्ट वऱ्हाडांतील म्हातारी माणसें पुढें कितीतरी वर्षें हंसत हंसत सांगत. मंत्री गेले, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं सोंपीव खातीं आपल्या हातांत घेतलीं.

हंसून झाल्यावर मात्र कायद्याचें कलम पाहावें लागतें. द्विदल पद्धतींत पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल हीं राखीव खातीं. शिक्षण, आरोग्य, शेतकी हीं सोंपीव. राखीव खात्याची मागणी कौन्सिलानें नाकारली तर गव्हर्नर ती जशीच्या तशी पुन्हां बसवूं शके. सोंपीव खात्यांस मात्र खातें कसेंबसें चालूं राहण्यापुरताच पैसा त्याला देतां येई. म्हणजे नकाराचा घाव घातला सरकारवर, आणि लागला शाळेवर व दवाखान्यावर. पोलिसाचा पगार थांबला नाहीं. थांबल्या त्या नव्या योजना. हें कलम नागपूरच्या पुढाऱ्यांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. त्यांतले बरेचसे वकीलच होते.

या गोंधळांत कर्जफेडीचा विचार करणारा मनुष्य दिल्लींत एकच होता, आणि तो होता इंग्रज. १९२४ च्या डिसेंबरांत ब्लॅकेट यांनीं कर्जनिवारणाची योजना काढली. दरवर्षीं महसुलांतून चार कोटी रुपये, आणि शिवाय ३१ मार्च १९२३ नंतर जेवढें कर्ज वाढेल त्याचा ऐंशीवा भाग, एवढी रक्कम फेडीसाठीं वेगळी काढावयाची. गणित चोख होतें. १९२१ सालीं सरकारला सहा टक्के व्याज देऊन रोखे विकावे लागले होते. पत सुधारली कीं व्याज उतरणार, व्याज उतरलें कीं रेल्वे स्वस्तांत वाढणार. १९२६ त खरोखरच चार टक्क्यांचे रोखे, दर्शनी किंमतीहून कमी भावानें कां होईना, खपले.

विरोधकांचेंहि म्हणणें पोकळ नव्हतें. त्याला गोखल्यांचा आधार होता. जुन्या वरिष्ठ कौन्सिलांत नामदार गोखल्यांनीं वर्षानुवर्षें हाच मुद्दा मांडला होता कीं, ज्या देशाचें अनुत्पादक कर्ज थोडें आणि निरक्षरता अफाट, त्यानें शिलकी पैसा कर्ज फेडण्यांत घालावा कीं शाळा व आरोग्य यांत ? १९२५ मध्यें हा प्रश्न प्रांतांच्या वर्गणीच्या रूपानें पुढें आला. प्रांतांनीं मध्यवर्ती सरकारास दरसाल ९८३ लाख रुपये द्यावे असें ठरलें होतें. त्यांत एकट्या मद्रासचे ३४८ लाख, तर मुंबईचे ५६. त्यामुळें वर्गणी माफ करा म्हणून मद्रासवाला ओरडे, आणि मुंबईवाला म्हणे आमचा प्राप्तिकर आम्हांस द्या. एकाच पक्षाचे सभासद प्रांताप्रमाणें निरनिराळें बोलूं लागले. मला विचाराल तर गोखल्यांचा मुद्दाहि बरोबर आणि ब्लॅकेट यांचें गणितहि बरोबर. पण गणित करणाऱ्याला मतांची गरज नव्हती, आणि मत देणाऱ्यावर हिशेब जुळविण्याची जबाबदारी नव्हती. नकार कितीहि मोठा दिला तरी संध्याकाळीं व्हाइसरॉय दाखला देणार, हें ठाऊक असलें म्हणजे नकार फार स्वस्त होतो. आणि दाखला खिशांत असला म्हणजे बहिरेपणहि तितकेंच स्वस्त.

याच सभागृहानें त्याच वर्षीं एक शहाणपणाची गोष्ट केली, ती मात्र आपल्या इतिहासांत फारशी सांगितली जात नाहीं. देशाच्या कर्जाचा मोठा भाग रेल्वेचा. रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अंदाजपत्रकांतून वेगळा काढावा, ही सूचना आली तेव्हां ती फेटाळली गेली नाहीं. समितीकडे गेली, घासाघीस झाली, आणि २० सप्टेंबर १९२४ रोजीं ठराव संमत झाला. रेल्वेनें गुंतलेल्या भांडवलावर शेंकडा एक आणि वरच्या नफ्याचा पांचवा हिस्सा सरकारी तिजोरींत भरावा असें ठरलें. येथें दोन्ही बाजूंना कांहीं मिळावयाचें होतें आणि कांहीं गमवावयाचेंहि होतें. रेल्वेचें वेगळें अंदाजपत्रक २०१७ सालीं बंद झालें, म्हणजे ती वहिवाट ९० वर्षांहून अधिक टिकली.

स्वराज्य पक्ष इतका टिकला नाहीं. ऑक्टोबर १९२५ मध्यें मध्यप्रांत कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील जागा स्वीकारली. केळकर, जयकर, मुंजे यांनीं त्यांची बाजू घेतली. मोतीलालजींनीं रोगट अवयव कापावाच लागतो अशा अर्थाचे उद्गार काढले. १९२६ च्या फेब्रुवारींत अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा वेगळा पक्ष निघाला, आणि मार्चांत स्वराज्य पक्षाचे उरलेले सभासद दिल्लीचें सभागृह सोडून बाहेर पडले. यापुढील भांडण, अधिकाराची जागा घ्यावी कीं न घ्यावी, याचें होतें. कर्ज होतें तेथेंच राहिलें.

तें फिटलें कसें, हें सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाहीं. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदुस्थानचें विलायतेंतील कर्ज सुमारें पस्तीस कोटी पौंड होतें. ब्रिटननें युद्धासाठीं येथून धान्य, कापड, ताग, लोखंड, जें मिळेल तें नेलें. किंमत लंडनच्या खात्यांत स्टर्लिंगमध्यें जमा केली, आणि येथें त्या जमेवर नोटा छापल्या गेल्या. लंडनच्या जमेंतून जुनें कर्ज १९४३ च्या सुमारास जवळजवळ सारें फिटलें, आणि युद्ध संपलें तेव्हां आपणच ब्रिटनचे सावकार झालों होतों. येणें होतें सव्वाशें कोटी पौंडांच्या वर. ब्लॅकेट यांची योजना जें करूं शकली नाहीं तें सहा वर्षांत झालें, आणि त्यासाठीं कोणा सभागृहाचें मत घ्यावें लागलें नाहीं. मात्र नोटांचें चलन सहापटींहून वाढलें, आणि त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें तांदूळ गरिबाच्या आटोक्याबाहेर गेला. सरकारी चौकशीनें मृत्यूंचा आकडा पंधरा लाख धरला. इतर अभ्यासक तो तीस लाखांपर्यंत नेतात. त्यांच्यापैकीं बहुतेकांना मताचा अधिकारहि नव्हता.

१९४७ च्या फेब्रुवारींत हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनीं मिठाचा कर सर्वस्वीं रद्द करण्याचें जाहीर केलें, आणि खड्डा भरण्यासाठीं व्यापारी नफ्यावर पंचवीस टक्के कर सुचविला. लगेच काँग्रेस आणि लीग यांचें जुंपलें. हा कर काँग्रेसच्या पाठीराख्या व्यापाऱ्यांना चिरडण्यासाठींच आहे, असें एक बाजू म्हणे. गरिबांचें अंदाजपत्रक म्हणून मिरविणारी दुसरी बाजू मागें हटेना. परंतु या वेळीं दाखला घेऊन मदतीला धांवणारा कोणी नव्हता. निवड समितींत घासाघीस होऊन दर पंचवीसाचा पावणेसतरा टक्क्यांच्या आंत आला, विधेयक संमत झालें, आणि १ एप्रिलपासून खाडीकांठचें मीठ करमुक्त झालें.