नोंदवहीत न मावणारी श्रद्धा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा तारखांनी सांगितला जातो. बाबा पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले, ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, असे उल्लेख आपण वाचतो आणि पुढे जातो. बाप्तिस्म्याची नोंद होते, त्यामुळे तो दिवस इतिहासकाराच्या हाती लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने काय केले, कोणती प्रार्थना म्हटली, कोणाच्या हातचे पाणी प्याले, हे मात्र नोंदवहीत सापडत नाही. आमच्या मते श्रद्धा टिकते की विरते, हे त्या दुसऱ्या दिवसावर आणि त्यानंतरच्या रोजच्या नेमावर ठरते.

हा प्रश्न आमच्या परिसराला परका नाही. उचगावहून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात 1852 साली रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचे नाव सांगते. त्या काळी अमेरिकन मिशनच्या धुरिणांत एक मूलभूत वाद सुरू होता. मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा भर उपदेशावर आणि देशी मंडळ्या उभ्या करण्यावर होता; शाळांवर होणारा खर्च त्यांना खटकत असे. 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन त्यांनी तशी धोरणे आखली. वाइल्डर शाळांचे कैवारी होते. त्यांनी 1861 साली मिशन शाळांच्या समर्थनार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी मंडळाच्या आधाराविना ते कोल्हापुरात परतले. पुढे 1870 मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत त्यांनी ते स्वतंत्रपणे चालवले.

वरवर हा खर्चाचा वाद दिसतो. खोलवर पाहिले तर त्यात एक प्रश्न दडलेला आहे: माणूस एका प्रभावी प्रवचनाने बदलतो की रोज भरणाऱ्या शाळेने? उपदेशाचे फळ मोजता येते, सवयीचे मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर वर्षानुवर्षे भिस्त ठेवणे, हाही विश्वासाचाच एक प्रकार होय.

सवयीचे बळ किती असते, याचा पुरावा याहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. तेथील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून हिरावली गेली होती. ऐकण्याची सवय मात्र उरली होती. ‘जुनी पुराणे नकोत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही?’ या आशयाची पृच्छा खुद्द ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच येते. 1616 मध्ये रायतूर येथे छापलेला हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ म्हणजे त्या पृच्छेचे उत्तर. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून. मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांनी जपलेल्या पोथ्यांच्या आधारे 1907 साली साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. नकलून ठेवणारे आणि वाचणारे हात होते, म्हणूनच हे पुराण राहिले.

टिळक दांपत्याची कथा हेच अधिक जवळून दाखवते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना बाप्तिस्मा घेण्यास 1900 साल उजाडले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की मधली पाच वर्षे मतांच्या वादापेक्षा सोवळ्या-ओवळ्याशी झगडण्यात गेली. स्वयंपाक, पाणी, शिवाशिव या दैनंदिन गोष्टींत त्यांचा जुना धर्म वसत होता. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने तो विटाळ मनातून गेला. पाण्याचे बंधन सुटले आणि बाप्तिस्मा त्याच्या मागून आला. येथे जगण्यातील बदल आधी घडला, नोंद नंतर झाली.

जुना नेम गेल्यावर त्याच्या जागी काय आणायचे, हे टिळकांनी ओळखले. त्यांनी अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तन केले. त्यांच्या पदांनी मराठी उपासनेला घरचा सूर दिला. हरिपाठाने सांज उजळणाऱ्या आमच्या मुलखात याचे मर्म सहज कळावे. रोज तेच शब्द म्हणणारा माणूस दर वेळी भारावलेला असतोच असे नाही. मन कोरडे असते त्या दिवशीही ओठ चालू राहतात, आणि पुढे कधीतरी मन त्यांच्यापाशी परतते. वारकऱ्याच्या माळेत आणि ख्रिस्ती घरातील रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत हे एकच शहाणपण आहे.

अर्थात नेमाला धोकाही आहे. त्यातील प्राण गेला की तो कवायत होतो. टिळकांना हे जाणवले असावे. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तो संस्थेच्या चौकटीबाहेर ख्रिस्तभक्तांचा बंधुभाव शोधण्यासाठी. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. पदे मात्र राहिली. आजही मराठी चर्चमध्ये ती गायिली जातात, आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना रचनाकाराच्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊकही नसते.

धर्मांतराच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. त्यांत दोन्ही बाजू आकडे मांडतात. घरातल्या सांजवेळेचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. तो लिहायचा तर चर्चच्या नोंदवहीइतकीच पानांच्या कडा झिजलेली गीतपुस्तके आणि आठवणींचे ग्रंथ उघडावे लागतील. मराठीच्या अभ्यासकांनी हे काम इतिहासकारांवर सोडू नये. ती साधने आपल्याच भाषेत आहेत.